‘भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर आहे’, मग अडलंय कुठे?

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ऑनलाइन कामांसाठी एक मदतीचं टेबल कायमचं ठेवावं, असं निवेदन आमच्या भागात सह्यांसाठी फिरत होतं. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर त्याला उत्तर म्हणून एक मजकूर येऊन पडला. तुम्हालाही आला असेल. थोडेफार शब्द बदलून तो बरेच दिवस फिरतोय. सार असं: शहरात डिजिटल दरी वगैरे आता काही राहिलेली नाही. भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड आहे. घरटी स्मार्टफोन आहे. एक जीबी डेटा कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतो. दिवसभर रील बघणाऱ्यांना फॉर्म तेवढा भरता येत नाही, हा निव्वळ आळस. अगदीच नाही जमलं तर कोपऱ्यावर सेवा केंद्र आहेच. खरा प्रश्न खेड्यांचा आहे, शहरातल्या करदात्यांचा पैसा यावर उधळू नका. सहमत असाल तर पुढे पाठवा.

मी पुढे पाठवला नाही. बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला सत्तावीस वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका वस्तीत दर रविवारी बायाबापड्यांना मोबाइल शिकवायला जातो. त्यामुळे या मजकुरातलं एकेक वाक्य वाचताना मला कुणाचा ना कुणाचा चेहरा आठवत होता. सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्यातले एक-दोन दावे सरकारी आकडेवारीशी जुळतातही. पण त्यांच्यावरून जो निकाल लावलाय, तो लागत नाही.

क्यूआरपासूनच सुरुवात करू, कारण ते या मजकुराचं हुकमी पान आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. पण गाडीवर लावलेला तो कोड भाजीवालीबद्दल नेमकं काय सांगतो? फोन गिऱ्हाइकाचा, ॲप गिऱ्हाइकाचं, आकडा तोच टाकतो, पिनही तोच. तिनं करायचं एवढंच की ती पाटी भिजू द्यायची नाही. मंडईत जरा थांबून विचारा, खातं कुणाच्या नावावर आहे म्हणून. ‘पोराच्या’ हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की आता मी विचारायचं सोडलंय. दिवसाचा गल्ला किती झाला हे तिला संध्याकाळी पोरगा घरी आल्यावर कळतं.

पाटीशेजारच्या त्या बोलक्या डबीकडे मात्र लक्ष द्या. पैसे आले की ती मराठीत आकडा सांगते. वाचता येवो न येवो, चष्मा घरी राहिलेला असो, ऐकू आलं की झालं. तिच्या धंद्यात ज्याला भागीदारी हवी होती, त्यानं तिच्या भाषेत बोलणारं यंत्र करून दिलं. आता हीच बाई रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला जाते तेव्हा समोर काय येतं? ‘अधिवास’, ‘स्वयंघोषणापत्र’, ‘पडताळणी प्रलंबित’. ही मराठीच आहे, पण मलाही एकदा वाचून कळत नाही. पैसे स्वीकारणं आणि हक्काचं काही मागून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमतं म्हणून दुसरंही जमत असणार, असं धरून चालायला आधार कुठला?

‘घरटी स्मार्टफोन आहे.’ जवळजवळ बरोबर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५ च्या सुरुवातीच्या पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आढळला. आता त्यातला ‘किमान एक’ हा शब्द पाहा. पाच माणसांच्या घरातला तो एक फोन सकाळी आठला कुणाच्या खिशात बसून बाहेर पडतो, हे सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, एक साधा प्रश्न होता: तुम्ही इंटरनेट कधी वापरलंय का? देशातल्या शहरी पुरुषांपैकी ७२.५ टक्के ‘हो’ म्हणाले, शहरी बायकांपैकी ५१.८ टक्के. आकडा जुना आहे, त्यानंतर तो वाढला असणार. पण हे शहरांचं चित्र आहे, आणि प्रश्न ‘कधी तरी’ वापरण्याचा होता.

आकड्यांनी पटत नसेल तर गेल्या वर्षीचा दसरा-दिवाळीचा मोसम आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीचं झालं. दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाईच्या आधारचा ओटीपी तर हवाच, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आमच्या वर्गात त्या काळात दुसरं काही शिकवताच आलं नाही. एकीचा नवरा ट्रकवर. ओटीपी त्याच्या फोनवर, फोन डॅशबोर्डवर, ट्रक घाटात. तो गाडी बाजूला घेऊन आकडे सांगेपर्यंत दहा मिनिटं उलटलेली आणि ओटीपी बाद. परत सुरुवात. दुसरीचा नवरा आठ वर्षांपूर्वी सोडून गेलाय. त्याला फोन करून ‘ओटीपी सांग’ म्हणायचं? ती म्हणाली, “काका, पंधराशे नको मला.” आणि फोन पिशवीत टाकला. नवरा नाही आणि वडीलही नाहीत अशा बायकांनी स्वतःची ई-केवायसी करून कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी वाट पुढे काढली गेली. म्हणजे यंत्रानं घातलेली गाठ सोडवायला शेवटी गल्लीतलं माणूसच लागलं. या सगळ्या घरांत स्मार्टफोन होते, हे वेगळं सांगायला नको. पाहणीवाला आला असता तर त्यानं प्रत्येक घरापुढे टिकच मारली असती.

चहाचं गणित थोडक्यात आटपतो. जीबीचा भाव भारतात खरोखरच कमी आहे. पण तो चहा कपानं मिळत नाही, महिन्याची किटली घ्यावी लागते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा सर्वांत स्वस्त पॅक १५५ रुपयांवरून १८९ वर गेला. सुटा डेटा मिळतो, पण मूळ पॅक चालू असेल तर. ज्यांना डेटा नकोच आहे त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवा, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं, यातच काय ते आलं. घरात तीन फोन असतील तर महिनाअखेरीला एकाचाच रिचार्ज होतो. आणि रिचार्ज बराच काळ राहिला की नंबरच जातो. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. आधार, बँक, गॅस, शाळा, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं असतं. तो गेला की माणूस कागदोपत्री मुका होतो. तो परत जोडून घेण्यात जेवढ्या खेपा होतात, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. हे कुठल्याच कपात मोजलं जात नाही.

आता आळस. मला या मजकुरातलं सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य हेच, आणि खरं सांगायचं तर शिकवायला लागायच्या आधी मीही हेच म्हणालो असतो. काउंटरवर बसून म्हटलंही असेल.

रीलमध्ये चुकायला जागाच नसते. अंगठा वर सरकवला की पुढची. नाही आवडली, आणखी वर. फॉर्मचं तसं नाही. पहिल्या पानावर नाव टाका, आधारवर आहे तस्संच, इंग्रजीत. आपल्याकडे ‘दीपाली’ शाळेच्या दाखल्यावर दोन ‘ई’ घेऊन जन्मते, आधारवर एक ‘आय’ घेऊन आणि बँकेत कुणा कारकुनाच्या मर्जीनं. (तो कारकून कधी कधी मी असायचो. त्या काळी कुणाला वाटलं होतं की एका अक्षरावरून पुढे पैसे अडतील?) मग फोटो, ठरावीक केबींच्या आत. केबी म्हणजे काय, हे वर्गात समजावताना मी ‘फोटोचं वजन’ असं म्हणतो. ते लगेच कळतं, पण वजन उतरवायचं कसं हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. मग कॅप्चा, वाकडी अक्षरं. चष्म्याचा नंबर बदललेल्या माणसाला ती तिसऱ्यांदाही जमत नाहीत. तेवढ्यात ‘आपले सत्र संपले आहे’. सगळं पुसलेलं. आणि एवढं करून एखादी माहिती चुकली तर अर्ज बाद, वर्ष फुकट. या भीतीपोटी ज्या बाईनं फोन खाली ठेवला, तिला आळशी म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

भीतीला आणखी एक कारण आहे. फोन लावला की आधी सूचना ऐकू यायची: ओटीपी कुणालाही सांगू नका, फसवणूक झाल्यास १९३० वर कळवा. बाई ते मनापासून ऐकते. मग सेवा केंद्रावर जाते, तिथला मुलगा मान वर न करता म्हणतो, “मावशी, ओटीपी सांगा.” आता तिनं कुणाचं ऐकायचं?

आणि शिकण्याचीच गोष्ट असेल तर शरीराचं काय करायचं? वर्षानुवर्षं भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. ठसा उमटत नाही. मी स्वतः दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. चेहरा दाखवून घरबसल्या दाखला, ही सोय २०२१ पासून आहे आणि ती चांगलीच आहे. गेल्या खेपेला ट्यूबलाइटखाली तीन वेळा डोळे मिचकावूनही मी हयात असल्याचं मला सिद्ध करता आलं नाही; चौथ्यांदा बायकोनं खिडकीशी उभं केलं तेव्हा जमलं. मला हसू आलं. ज्यांना डोळ्यांची उघडझाप करताच येत नाही, त्यांना नसतं आलं. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन असलेले अमर जैन याच कारणानं सर्वोच्च न्यायालयात गेले. ई-केवायसीसाठी ‘पापणी मिटा’ म्हणणारी यंत्रणा त्यांना बाहेर ठेवत होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सोबत वीस निर्देश दिले, जिवंतपणा पडताळायचे दुसरे मार्ग ठेवा हेही त्यांत आलं. तेव्हा ‘सवलत’, ‘लाड’ हे ग्रुपवर पडलेले शब्द या निकालानंतर तरी शोभत नाहीत.

‘कोपऱ्यावर सेवा केंद्र आहेच की.’ आहे, आणि ते नसतं तर निम्मी वस्ती कागदांवाचून राहिली असती. केंद्र चालवणाऱ्या पोरांविषयी माझी तक्रार नाही. दिवसभर सर्व्हर आणि गर्दी यांच्या मधोमध बसणं सोपं नसतं. पण तिथे होतं काय ते पाहा. बाईचा नंबर बंद असतो, म्हणून अर्जात केंद्रातलाच कुठला तरी नंबर पडतो. पासवर्ड वहीत, वही केंद्रात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत राखलेल्या, पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सोडतीत पोराचं नाव लागलं हा संदेश जातो त्या नंबरवर. आमच्या वर्गातल्या एका आईला नाव लागल्याचं कळलं तेव्हा कागद दाखवायची तारीख उलटून चार दिवस झाले होते. चूक कुणाची, यावर वस्तीत बरीच वादावादी झाली. माझ्या मते नंबर ज्याच्या हातात, अर्ज त्याचा, अशी रचनाच असेल तर हे होतच राहणार.

पूर्वी कार्यालयाच्या आत दलाल असायचे आणि ऑनलाइन झाल्यानं ते गेले, असाही एक मुद्दा ग्रुपवर नंतर आला. तो मला अर्धा मान्य आहे. सातबारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही, याचं मोल मी कमी करणार नाही. ज्याला स्वतःच्या हातानं काढता येतो त्याच्यापुरता दलाल खरंच गेला. बाकीच्यांसाठी तो जिन्याखाली टेबल टाकून बसलाय.

राहिला ‘प्रश्न खेड्यांचा’ हा मुद्दा. गंमत अशी की सरकारनंही बराच काळ असंच मानलं. २०१७ ते मार्च २०२४ या काळात देशात डिजिटल साक्षरतेचं जे मोठं अभियान चाललं, त्याचं नावच पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण घरांतल्या एकेकाला शिकवायचं. शिकवले त्याहून जास्त. उत्तम. पण धुण्याभांड्याची कामं करणारी जी बाई धाराशिवहून येऊन पुण्याच्या जनता वसाहतीत राहिली, ती त्या अभियानाच्या व्याख्येतच बसत नव्हती. गावी राहिली असती तर शिकवणी मिळाली असती.

मग शहरासाठी काय होतं? स्मार्ट सिटी. २५ जून २०१६ रोजी बालेवाडीत पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या प्रकल्पांचा नारळ फुटला. पुण्यात क्षेत्रविकासासाठी जो भाग निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडी. तिथले रस्ते रुंद झाले, झकास झाले. मी मुद्दाम फिरायला गेलोय. पण शहरात सर्वांत आधी ‘स्मार्ट’ करायचा भाग निवडताना जिथे लॅपटॉप सर्वांत जास्त तोच निवडला जावा, याला काय म्हणावं? त्याच काळात वस्त्यांतल्या तरुणांना कौशल्यं शिकवणारी लाइटहाऊस केंद्रंही सुरू झाली, हे सांगायला हवं. पण ती तरुणांसाठी. पंचावन्न वर्षांच्या झाडूवालीसाठी नाही.

आणि शहर म्हणजे नुसते टॉवर, असं समजणाऱ्यांनी २०११ ची जनगणना बघावी: बृहन्मुंबईची सुमारे ४२ टक्के वस्ती झोपडपट्टीत. उलट खेड्यात निदान ग्रामसेवकाचं आणि तलाठ्याचं घर ठाऊक असतं. भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्याला शहरात ठाऊक असतो तो फक्त वॉचमन.

२०२१ चा मे महिना आपण इतक्या लवकर विसरलो का? १८ ते ४४ वयाच्यांना लस हवी तर कोविनवर नोंदणी, दुसरा रस्ताच नाही. आणि कोविन तेव्हा इंग्रजीत. जागा खुल्या झाल्या की काही सेकंदांत संपायच्या. माझ्याच सोसायटीतली पोरं दोन-दोन लॅपटॉप उघडून बसायची, आणि शहरात नाही मिळाली तर गाडी काढून तालुक्याच्या केंद्रावर जाऊन लस घेऊन यायची. तिथल्या केंद्राबाहेर गावातली माणसं बघत उभी. इकडे त्याच पोरांच्या घरी काम करणाऱ्या बायका बिनलसीच्या. सर्वोच्च न्यायालयानं ३१ मेच्या आदेशात ‘डिजिटल दरी’ हाच शब्द वापरून सरकारला जाब विचारला. सरकारी केंद्रांवर थेट जाऊन लस घ्यायची मुभा त्याआधी आठवडाभर मिळाली होती. मराठीसह इतर भाषा कोविनवर जूनमध्ये आल्या. त्या महिन्यात ती दरी गाव आणि शहर अशी नव्हती. ती एकाच जिन्यात होती, दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉप आणि तळमजल्यावर केरसुणी.

करदात्यांच्या पैशाची काळजी करणाऱ्यांनी याच वर्षातली पुढची गोष्टही आठवावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन्ही डोस झालेल्यांना लोकल खुली झाली. पास मोबाइलवर मिळणार होता, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना वॉर्ड ऑफिसात आणि उपनगरी स्टेशनांवर छायाचित्राचा पास मिळेल, हे मुख्यमंत्र्यांनी घोषणेतच सांगितलं होतं. ॲपही ठेवलं, खिडकीही ठेवली. राज्य बुडालं नाही. आमच्या निवेदनात तरी याहून मोठं काय मागितलंय? एक टेबल, दोन खुर्च्या, वाचून दाखवणारा माणूस, अर्जात ज्याचा अर्ज त्याचाच नंबर पडेल हा नियम, आणि ओटीपी येत नसेल तर कागद घ्यायची तयारी. करदात्यांचं म्हणाल, तर माचिस घेतानाही कर जातोच. तो वस्तीतलेही भरतात.

हे सगळं मी ग्रुपवर एवढ्या विस्तारानं लिहिलं नाही. तिथे फक्त म्हटलं की मजकूर टाकणाऱ्यांनी एकदा रविवारी सकाळी अकराला वर्गाला यावं. दोघं जण आलेसुद्धा. पहिल्याच तासाला त्यातल्या एकानं एका आजींचा फोन हातात घेतला, दोन मिनिटांत अर्ज भरून टाकला आणि हसत परत दिला. आजी म्हणाल्या, “झालं, पण मला नाही आलं.” पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी सव्वा तास हात पाठीमागे बांधून बसला होता, आणि आजींचा अर्ज तिसऱ्या पानापर्यंत पोचला होता.